मोकळ्या मनाचं असणं म्हणजे नक्की काय? (सोसायटीतल्या एका ठरावावरून)

नीलिमा_मांजलपूर
नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आणि बडोद्याबाहेरच्याही सगळ्यांना विचारतेय.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती आणि त्याखाली एक ठराव: फ्लॅट भाड्यानं द्यायचा तर फक्त शाकाहारी कुटुंबालाच, एकटी मुलं-मुली आणि लग्न न झालेली जोडपी चालणार नाहीत. आणखी एक अट आहे, ती कागदावर नाही. सही मागायला आलेले काका "समजी जाओ ने बेन" म्हणाले, त्यात ती आली. सभेआधीच सह्या गोळा करणं चाललंय.

मी स्वतः पक्की शाकाहारी. सुकटीच्या वासानं माझं डोकं उठतं. लग्नाशिवाय एकत्र राहणं मला पटत नाही, लेकीलाही मी तसं स्पष्ट सांगितलंय. तरी त्या कागदावर सही करायला हात होईना. "विचार करून सांगते" म्हणून काकांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. नवरा म्हणतो, आपल्याला फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाहीये, उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा? लेक म्हणते, "आई, तू स्वतःला ओपन-माइंडेड म्हणवतेस ना, आता कळेल."

तर मोकळ्या मनाचं असायला मला समोरच्याचं वागणं आवडायला हवं का? पटायला हवं का? की गप्प बसलं तरी पुरे? सगळे अनुभव चालतील, भांडणंही चालतील.

फाफडा_भाकरी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शाकाहारी आहेत, ठरावात बसतात.

मांडवीचा_मावळा
नीलिमाताई, सही करून टाका. मी गावातली जुनी घरं सोडून सोसायट्यांत राहायला आलेल्या पिढीतला. सोसायटी म्हणजे धर्मशाळा नव्हे. लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतलंय, ते शेजार बघूनच. समोरच्या जैन म्हाताऱ्या बाईंना जिन्यात मटणाचा वास सहन होत नसेल तर त्यांच्या त्रासाला काहीच किंमत नाही का? मोकळं मन मोकळं मन म्हणून त्याग नेहमी एकाच बाजूनं का करायचा?

आणि हे बेकायदा आहे असं कुणी सांगायला येऊ नका. अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. २००५ मध्ये कोर्टानं सांगितलं, सभासदत्व फक्त पारशांना ठेवता येतं.

कायदेकानू
मावळासाहेब, निकाल बरोबर सांगितलात, पण अर्धाच. झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या त्या प्रकरणात मंजूर, नोंदवलेल्या उपविधीतच सभासद पारशी असावा अशी अट होती. सोसायटी त्या समाजानं त्या हेतूनंच काढलेली. सगळ्या जातीधर्मांच्या लोकांना फ्लॅट विकून झाल्यावर एका रविवारी हात वर करून "अमके भाडुआत नकोत" म्हणणं ही वेगळी गोष्ट झाली. दुसरं, कोर्टानं तेव्हा काय करता येतं ते सांगितलं. काय करावं ते नाही सांगितलं, आणि ताईंचा प्रश्न तोच आहे.

चिंबोरी
हा धागा माझ्यासाठीच काढलाय बहुतेक. आम्ही सीकेपी. माझं लहानपण कारेलीबागेत भाड्याच्या घरांत गेलं. दलाल फोनवर नाव ऐकून खूश व्हायचा, "महाराष्ट्रीयन? ब्राह्मण छो ने?" बाबा क्षणभर थांबून म्हणायचे, "महाराष्ट्रीयन." खोटंही नाही, खरंही नाही.

आमच्याकडे रविवारी सुरमई व्हायची. आई आधी खिडक्या लावून घ्यायची. एक्झॉस्ट फॅनही बंद, कारण तो थेट डक्टमध्ये वास सोडतो. दुसऱ्या शेगडीवर हिंग-मेथीची फोडणी चरचरत ठेवायची, म्हणजे जिन्यातून कुणी गेलं तर आधी ती नाकात जावी. जेवण झालं की काटे वर्तमानपत्रात, तो पुडा पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. सोमवारी सकाळी बाबा ते बोचकं स्कूटरच्या डिकीत घालून ऑफिसच्या वाटेवरच्या कुठल्यातरी लांबच्या कचरापेटीत टाकायचे. एकदा विसरले, आणि ते बोचकं दिवसभर मे महिन्याच्या उन्हात डिकीत राहिलं. त्या स्कूटरचं पुढे काय झालं ते विचारू नका.

खाली घरमालकांच्या बा राहायच्या. कांदासुद्धा न खाणाऱ्या. घर सोडायची वेळ आली तेव्हा आईला म्हणाल्या, "मने तो पहेला रविवारथी खबर हती." पहिल्या रविवारपासून माहीत होतं! मग मुलाला का सांगितलं नाही विचारल्यावर म्हणाल्या, तो तुम्हाला काढेल म्हणून. आणि तरीही शेवटपर्यंत आमच्या घरचं पाणी त्या प्यायल्या नाहीत. मोकळ्या मनाचं म्हटलं की मला त्या आठवतात.

अनघा_सुभानपुरा
चिंबोरी, किती छान लिहिलंस. +१

तर्ककर्कश
छान लिहिलंय यात वाद नाही. पण बांनी दुर्लक्ष केलं, याला मोकळं मन म्हणायचं का? सोय म्हणा, भलेपणा म्हणा. तुझ्या आईच्या खिडक्या शेवटपर्यंत बंदच राहिल्या ना? भाडं मात्र पूर्ण घराचं भरत होतात.

मला वाटतं इथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय. समोरच्याला त्याच्या पद्धतीनं जगू देणं ही सहनशीलता. आपलं मत चुकीचं असू शकतं हे धरून चालणं हा मनाचा मोकळेपणा. पहिली असून दुसरा नसलेले लोक भरपूर असतात. "ज्याचं त्याचं" म्हणणारे बहुतेक लोक मोकळ्या मनाचे नसतात, त्यांना वाद घालायचा कंटाळा असतो इतकंच. कुणालाही एकच विचारायचं: काय दाखवलं तर तुम्ही मत बदलाल? उत्तर नसेल तर विषय संपला.

फाफडा_भाकरी
तर्ककर्कश, तुम्ही शेवटचं मत कधी बदललंत?

तर्ककर्कश
लॉकडाऊनमध्ये. चहात आलं घालू लागलो.

चिंबोरी
तर्ककर्कश, खिडक्या बंद होत्या हे खरंय. पण डोक्यावर छप्पर होतं. तुमच्या व्याख्येत बसणारी माणसं आम्हाला भेटलीही असतील, फोनवर "नो नॉनवेज" म्हणाली असतील. बांचं मत बदललं नाही, बदलणारही नव्हतं. त्यांनी फक्त तोंड उघडलं नाही, आणि त्यावर आमची शाळा, बाबांची नोकरी, सगळं सुरळीत चाललं. हे तुम्हाला कमी वाटत असेल तर तुम्ही कधी घर शोधलेलं नाही.

भाऊसाहेब_दांडियाबाजार
घर शोधण्यावरून विषय निघालाच आहे, तर आपल्याच गावातली गोष्ट सांगतो. बऱ्याच जणांना तोंडओळख असेल, पण तपशील बघण्यासारखा आहे.

१९१३ मध्ये महाराज सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. कराराप्रमाणे १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले. न्यूयॉर्क-लंडनमध्ये शिकून आलेला माणूस, स्टेशनवर उतरला तो राहायचं कुठे या काळजीत. हिंदू खानावळीत थारा नव्हता. पारशांच्या विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज केला, तो इकडून तिकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले.

पुढचा भाग आपल्या धाग्याशी जास्त संबंधित आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडे आसरा मागितला. हिंदू मित्राला वाईट वाटलं, रागही आला, पण म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारतो. ते दोघं मूळचे ब्राह्मण. धर्म बदलून नवरा उदार झाला होता, बायको पूर्वीइतकीच सोवळी. शेवटी कमाटीबागेत काही तास काढून बाबासाहेब रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. त्याची आठवण म्हणून कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर दर वर्षी २३ सप्टेंबरला लोक जमतात.

बघा, दोघंही मित्र अगदी आजच्या अर्थानं 'ओपन-माइंडेड' होते. दोघांचंही मत बरोबर होतं. नीलिमाताईंच्या यजमानांचं म्हणणं, "उगाच कशाला वाईटपणा", हे मला त्या नोकरांच्या कारणासारखंच ऐकू आलं. रागावू नका.

मांडवीचा_मावळा
आला, सयाजीराव आले! बडोद्याच्या कुठल्याही चर्चेत दहाव्या प्रतिसादाच्या आसपास महाराज येतातच. आता लक्ष्मीविलास पॅलेस बकिंगहॅमच्या चौपट आहे म्हणतात, तेही कुणीतरी सांगून टाका.

आणि भाऊसाहेब, जातीवरून हाकलणं आणि आहारावरून शेजार निवडणं यांची बरोबरी? जात जन्मानं येते. मासे खाणं माणूस निवडतो.

भाऊसाहेब_दांडियाबाजार
मावळे, पॅलेस चौपट आहे असं म्हणतात खरं. :)
बाकी, "आहार" विचारल्यावर जात कळते हे दलालाला ठाऊक असतं. चिंबोरीच्या वडिलांना "ब्राह्मण छो ने" असं विचारलं, "मासे खाता का" असं नाही विचारलं.

रीलबिल
मी गोत्रीला राहते. बॉयफ्रेंडबरोबर. म्हणजे मी त्या ठरावातल्या दुसऱ्या कलमात बसते.

घरमालकाला आम्ही एंगेज्ड आहोत असं सांगितलंय. भाडं ऑनलाइन जातं, पण ते दर महिन्याला "काय तूट-फूट नाही ना" म्हणून बघायला येतात. त्या दिवशी मी आईचं जुनं मंगळसूत्र घालते. एंगेजमेंट झालेली मुलगी मंगळसूत्र घालत नाही हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही, किंवा आलंय आणि ते चिंबोरीच्या बांसारखे आहेत. माहीत नाही.

पण मला वेगळंच सांगायचंय. माझे सगळे मित्र फाइन आर्ट्सचे नाहीतर आयटीतले. आम्ही लग्न न करता राहतो याचं कुणालाही काही वाटत नाही. पण मी संकष्टी करते. मनापासून करते, आजीमुळे लागलेली सवय आहे. त्याचं मात्र यांना भयंकर हसू. चंद्र दिसायची वाट बघत गच्चीत उभी राहिले की "अपडेट आला का चंद्राचा?" वर मी व्हीगन, त्यामुळे मोदकाला तूप नाही, दही नाही, त्याचेही विनोद. एकदा म्हटलं, तुम्हाला माझं सगळं चालतं, फक्त तुमच्यासारखं नसलेलं चालत नाही. त्यावरही हसले.

म्हणून मला 'ओपन-माइंडेड' म्हणवणाऱ्यांची जरा भीतीच वाटते. आजी, जिला लिव-इन म्हणजे काय हे पचायला वर्ष गेलं, ती आता फोनवर त्याच्या सर्दीची चौकशी करते.

तर्ककर्कश
रीलबिल, तुझ्या मित्रांनी तुला हाकललं नाही, वाळीत टाकलं नाही. हसले. श्रद्धेवर हसायचा अधिकार नसेल तर मग चर्चा कसली? कल्पनांना मान द्यायची गरज नसते, माणसांना द्यायची असते. चंद्राचा आणि अडचणी दूर होण्याचा काय संबंध, हे विचारणं म्हणजे अपमान नव्हे.

अनघा_सुभानपुरा
विचारणं आणि हसणं यात फरक आहे की. उत्तर ऐकायची तयारी असलेला माणूस प्रश्न विचारून थांबतो. चंद्राच्या अपडेटवाल्यांना उत्तर नको होतं, टाळी हवी होती. तुमच्याच पट्टीनं मोजायचं तर त्यांचं मन बंद निघतं, तर्ककर्कश.

माझे सासरे कट्टर नास्तिक. सासूबाईंच्या गुरुवारच्या दत्ताच्या आरतीला मात्र स्वतः तबक घासून ठेवतात. देवाचं काय म्हणून विचारलं तर म्हणतात, "देव नाही. ती आहे ना." वाद ते दोघं जेवताना घालतात, आणि जोरात घालतात.

तर्ककर्कश
अनघा, पॉइंट मान्य. (चहातल्या आल्यानंतर हे दुसरं.)

पारुल_घडियाळीपोळ
मी गुजराती जैन. घडियाळी पोळमध्ये वाढले, अर्धी पोळ मराठी होती, तिथेच मराठी शिकले. चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे सगळे आमच्याबद्दल बोलतायत, म्हटलं आपणही बोलावं. तुम्ही लोक 'वास, वास' करताय. नीलिमाबेनना सुकटीचा वास येतो, ती नाकाची गोष्ट आहे. आमच्यासाठी ही नाकाची गोष्ट नाही. पंचेंद्रिय जीव मारला जातो, हे आम्हाला आतून लागतं. चातुर्मासात माझी मम्मी हिरवी भाजी बंद करते, सूर्यास्तानंतर पाणी पीत नाही. तिला "ज्याची त्याची आवड" असं सांगणं म्हणजे तिला काही समजतच नाही असं धरून चालणं. मला मांसाहार चूक वाटतो, आणि चूक वाटण्याचा मला हक्क आहे. मोकळ्या मनाच्या नावाखाली मला तेवढंही म्हणू देणार नसाल तर ते कसलं मोकळं?

मी नीलिमाबेनच्या सोसायटीत असते तर खाण्याच्या कलमावर सही केली असती. जोडप्यांच्या नाही. ते माझं काम नाही.

आणि एक विचारू? हे सगळे मोकळ्या मनाचे मराठी लोक आम्हाला चिंगूस म्हणून, वरणात गूळ घालतो म्हणून इतकी वर्षं हसतात, ते कुठल्या खात्यात?

फाफडा_भाकरी
पारुलबेन, गुळाबद्दल समस्त मराठी समाजातर्फे दिलगिरी. माझी बायको सुरतेची आहे, मी आमटीबद्दल घरात बोलणं केव्हाच सोडलंय.

चिंबोरी
पारुल, तू स्पष्ट लिहिलंस ते आवडलं. तुला चूक वाटतं तर म्हण की. माझ्या तोंडावर म्हण, मी ऐकून घेईन, मग मी माझं म्हणेन. पण ठराव म्हणजे म्हणणं नाही ना. ठरावानंतर मी तिथे नसतेच. माझ्याशी वाद घालायला तरी मला शेजारी राहू दे.

पारुल_घडियाळीपोळ
ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पण मम्मीला तू समजाव.

खाऊगल्ली_खंडेराव
२०२१ च्या नोव्हेंबरात महापालिकेतून फर्मान निघालं होतं आठवतंय का? अंडी-मटणाच्या लाऱ्यांवर (हातगाड्यांवर) माल झाकून ठेवा, लोकांच्या भावना दुखावतात. आमच्या कोपऱ्यावरच्या आमलेटवाल्यानं अंड्यांच्या ट्रेवर जुनी बेडशीट टाकली. गुलाबाच्या फुलांची. आता गिऱ्हाईक बेडशीट बघून लारी ओळखतं. त्याचा धंदा वाढला असावा असा मला संशय आहे.

फाफडा_भाकरी
कुठला कोपरा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाऊगल्ली_खंडेराव
केला. पण सेव-उसळ मात्र

संपादक
सेव-उसळीसाठी वेगळा धागा आहे. तिथे आधीच पुरेसं रक्त सांडलंय. कृपया मूळ विषयावर या.

तानपुरा
मूळ विषयावरच येतो. अब्दुल करीम खाँ बडोदा दरबारात गायला आले, इथल्याच ताराबाई माने त्यांच्याकडे शिकत होत्या, आणि दोघं मिळून बडोदं सोडून गेले. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुलं. आमच्या घरी हिराबाईंची रेकॉर्ड लागली की आजोबा पाय खाली सोडून ताठ बसायचे. कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपायचं नाही. त्याच आजोबांनी वाड्यातली खोली मुसलमान तबलजीला भाड्यानं द्यायला नकार दिला होता, हे आत्यानं सांगितलं. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नसणार.

खाँसाहेब आणि ताराबाई आज मांजलपुरात फ्लॅट बघायला आले तर? ठरावातली किती कलमं लागतील?

कायदेकानू
तीन. लिहिलेली दोन आणि न लिहिलेलं एक.

वाडा_विकणे_आहे
न लिहिलेल्या कलमाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. आमचा वाडा गावात, अशांत धारा लागू असलेल्या भागात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुजरातेत १९९१ चा कायदा आहे. दंगलीच्या भीतीनं कुणी मातीमोल भावात घर विकू नये, कुणी दहशत घालून विकत घेऊ नये, म्हणून जाहीर केलेल्या भागात विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते. विकणारा स्वखुशीनं विकतोय ना, भाव रास्त आहे ना, हे बघतात. कागदावर हेतू चांगला.

आम्हाला गिऱ्हाईक बोहरी मुसलमान मिळालं. बोहरी म्हणजे आमच्याहून कडक शिस्तीचे, चोख व्यवहाराचे. भाव उत्तम. आम्ही स्वखुशी, ते स्वखुशी. पण गल्लीतल्यांनी हरकत घेतली. ज्या शेजाऱ्यांबरोबर बाबा रोज ओटल्यावर पेपर वाचायचे, तेच. बाबांनी विचारलं, "तुमचं त्यांच्याशी काही वाकडं आहे का?" तर म्हणे, "नाही हो, माणसं चांगली आहेत. पण आज एक आले की..." ते वाक्य कुणी कधी पूर्ण करत नाही. व्यवहार मोडला. वाडा अजून तसाच आहे, मागची भिंत गेल्या पावसात बसली.

मांडवीचा_मावळा
त्या शेजाऱ्यांनी दंगली बघितल्यात. तुम्ही कितीही चांगलं बोला, कर्फ्यूत अडकलेल्या माणसाला मोकळ्या मनाचे धडे देऊ नका. मीही त्यातलाच आहे. मी काही वाईट माणूस नाही.

वाडा_विकणे_आहे
मावळे, मीही त्याच कर्फ्यूत होतो, त्याच गल्लीत. बोहरी कुटुंबही त्याच गावात होतं, दोन गल्ल्या सोडून. भीती खरी आहे, मी खोटी नाही म्हणत. पण भीती तिघांनाही होती आणि निर्णय एकानंच घेतला.

संपादक
इथपर्यंत सगळे नेमस्त बोललात, आभार. पक्ष, निवडणुका, कोणी काय सुरू केलं यावर गेलात तर प्रतिसाद उडवेन. दोन उडवलेत.

पुणेरी_पाटी
आमच्याकडे ठराव-बिराव करत नाहीत. थेट पाटी लावतात. "येथे घर भाड्याने मिळत नाही. कारण विचारू नये."

नीलिमा_मांजलपूर
बापरे, केवढा धागा झाला! सगळे प्रतिसाद वाचले, लेकीलाही वाचून दाखवले. भाऊसाहेब, यजमानांना नोकरांचं वाचून दाखवल्यावर त्यांनी पेपर तोंडापुढे धरला, तो अजून खाली घेतलेला नाही.

मी सही करणार नाहीये. मासळीचा वास मला अजूनही सोसत नाही आणि लग्नाबद्दलचं माझं मतही आहे तिथेच आहे. पारुलसारखंच मलाही ते मत ठेवायचा हक्क आहे असं वाटतं. पण चिंबोरी म्हणाली ते डोक्यात बसलं. न पटणारी माणसं इमारतीत आली तर मी त्यांच्याशी वाद घालीन, पटवीन, नाहीतर दार लावून घेईन. ती येऊच नयेत अशी सोय करण्यात माझ्या मताचा काय संबंध? आणि रीलबिल, आजीचं वाचून मला जरा लाजही वाटली आणि जरा रागही आला, दोन्हीचं कारण मला नीट सांगता येणार नाही.

सभेत मी असं मांडायचं म्हणतेय: त्रास होतो ना, मग त्रासाचे नियम करा. रात्री दहानंतर आवाज नाही, कचरा बांधून झाकून द्यायचा, जिन्यात चपलांचे ढीग नकोत, पार्किंग ज्याचं त्यालाच. नियम मालकांनाही तेच, भाडुआतांनाही तेच. प्रमुखांचा मुलगा रात्री बारा वाजता गाडीची गाणी लावून येतो, त्यालाही.

कायदेकानू, ठराव पासच झाला तर काय करायचं? आणि हे सगळं गुजरातीत नीट कसं म्हणू? घरातलं गुजराती येतं, सभेतलं नाही येत.

मांडवीचा_मावळा
ठराव पास होणार, लिहून ठेवा. बहुमत आहे. बहुमताचा मान राखणं हेही मोकळ्या मनातच येतं ना? की तुमच्याविरुद्ध गेलं की नाही येत?

कायदेकानू
मावळासाहेब, बहुमतानं ठराव होतो, एकमतानं नाही. "सर्वानुमते" असं लिहू द्यायचं नाही इतकंच ताईंच्या हातात आहे, आणि ते कमी नाही.

ताई, करायचं ते हे. आवाजी मतदान होऊ देऊ नका, हात मोजायला लावा. तुमचा नियमांचा मसुदा सभेआधी लेखी द्या, त्याची पोच घ्या. ठराव पास झाला तर तिथल्या तिथे उभं राहून म्हणा, "मिनिट्समां मारो विरोध नाम साथे नोंधशो." मग पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचताना ते लिहिलंय का बघा. पन्नास टक्के वेळा नसतं. आणि एकट्या उभ्या राहू नका, आधी फोन करा. प्रत्येक सोसायटीत न पटूनही सही केलेले चार-पाच जण असतातच. त्यांना पहिला हात दिसावा लागतो.

पारुल_घडियाळीपोळ
मसुदा मला पाठवा नीलिमाबेन, गुजरातीत मी करून देते. कचऱ्याच्या नियमात "काटे-हाडं तर दोन पिशव्यांत" असं टाका. चिंबोरीच्या पप्पांची पद्धत. मम्मीला तेवढं चालेल कदाचित.

चिंबोरी
आत वर्तमानपत्रही असायचं. पण चालेल.

रीलबिल
नीलिमाताई, लाज-राग दोन्ही माझ्या आईलाही येतात, काळजी नको. एक विचारू? आमचा करार दिवाळीनंतर संपतोय आणि मालकांना आता लग्नाची तारीख हवीये. तुमच्या सोसायटीत कुठला फ्लॅट रिकामा आहे का?

फाफडा_भाकरी
पॉपकॉर्न संपले, कुणीतरी आणा रे पटकन.

नीलिमा_मांजलपूर
आहे एक. तिसऱ्या मजल्यावर, बरोब्बर आमच्या समोर. मालक अहमदाबादला असतात. टू बीएचके, पश्चिमेचं ऊन येतं, लिफ्ट अर्धा वेळ बंद. मालकांचा नंबर व्यनि करते. मंगळसूत्र वगैरे काही घालू नका, मालकांना काय ते खरं सांगा. ते नाही म्हणाले तर मात्र माझा इलाज नाही. आणि मासळी नाही ना करत?

रीलबिल
मी व्हीगन आहे हो ताई. उलट तुमच्या चहातलं दूध मला चालणार नाही.

नीलिमा_मांजलपूर
हे जरा अवघड आहे.

मांडवीचा_मावळा
आधी पार्किंगचं विचारून घ्या. एका फ्लॅटला एकच मिळतं, आणि त्यावरून होणारी भांडणं कुठल्याच ठरावानं मिटत नाहीत.